आधी मऊ जागा बघून ठेवा

“ब्रेक एकदम कडक झालाय, परब मॅडम. पाय ठेवला की गाडी जागच्या जागी. तुम्ही दिलीत तेव्हासुद्धा एवढा भारी नव्हता.”

मिलिंद सावंत हे कौतुकानं सांगत होते. एका हातात कटिंग चहा, डोक्यावर नवी टोपी, चेहऱ्यावर मालकाचा आनंद. त्यांनी ते वाक्य म्हटलं आणि मी आजूबाजूला गाडी शोधायला लागले.

ब्रेक आपोआप सैल होतो, हे मी रोज बघते. झिजतो, गळतो, नळीत हवा धरतो. गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं, आपण दुरुस्त करतो. पण ब्रेक आपोआप कडक होत नाही. चांगला झालाय असं वाटायला लागला, तर कुठेतरी काहीतरी फार वाईट चाललेलं असतं.

“गाडी कुठे आहे?” मी विचारलं.

“वर. आमची सायली टेकडीवर घेऊन गेलीय. दोन रिहर्सल झाल्या, आता टेक.”

थोडं मागचं सांगते. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा गाळा आहे. डावीकडे पॅकिंगचे खोके बनवणारे, उजवीकडे फरसाणवाले, मधे मी. मी फक्त जुन्या गाड्या दुरुस्त करते. लोकांना वाटतं, अशी कामं करणारी बाई धाडसी असणार. मी घाबरट आहे. लहानपणी जत्रेतल्या पाळण्यात बसत नव्हते आणि अजूनही बसत नाही. पण या धंद्यात घाबरट असणं सोयीचं पडतं. ज्याला भीती वाटत नाही तो नट घट्ट झाला की पुढे जातो. मी परत येऊन तो पुन्हा तपासते, आणि घरी गेल्यावर जेवताना तोच नट आठवत बसते.

सावंतांची गाडी साठच्या दशकातली, इंग्लंडमध्ये बनलेली, दोन माणसांची, उघडी स्पोर्ट्स कार. गडद हिरवी. आत बसून हात बाहेर सोडला तर बोटं जवळजवळ रस्त्याला टेकतात. दिसायला झकास. पण तिच्यात एअरबॅग नाही, डोक्यावर छप्पर नाही आणि ब्रेकचा मार्ग एकच आहे. हे शेवटचं जरा समजावून सांगायला हवं.

ब्रेकच्या पेडलमागे एक छोटं सिलिंडर असतं. त्याच्या डोक्यावर झाकणाचा एक डबा, आणि त्यात ब्रेक फ्लुइड नावाचं पातळ द्रव. आपण पेडल दाबतो तेव्हा हे द्रव बारीक नळ्यांतून चारही चाकांकडे ढकललं जातं आणि चाकं आवळली जातात. आजच्या गाडीत या नळ्यांचे दोन वेगळे मार्ग असतात. एक फुटला तर निदान दुसरा राहतो. या गाडीत एकच आहे. कुठेही काही बिनसलं की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. मग हाताशी उरतो फक्त हँडब्रेक, कारण तो तारेनं चालतो, द्रवानं नाही.

म्हणून अशी गाडी ताब्यात देताना माझी एक अट असते. जो कुणी ती चालवणार, त्यानं रविवारी, इस्टेट बंद असताना, माझ्याकडे यायचं. मागच्या रिकाम्या गल्लीत मी त्याला पायाचा ब्रेक न लावता गाडी थांबवायला लावते. आधी गिअर खाली, मग हँडब्रेकचं बटण अंगठ्यानं दाबून धरून तो थोडा थोडा वर. झटक्यानं ओढला तर मागची चाकं धरतात आणि गाडी फिरते. आणि या दोन्हींच्या आधीची एक गोष्ट. गाडी सुरू करण्यापूर्वी समोर बघायचं आणि ठरवायचं, की आज काहीच चाललं नाही तर आपटायचं कुठे. मऊ जागा कुठे आहे? झुडूप, मातीचा ढीग, रेतीची गोणी, काहीही. ती आधी बघून ठेवायची, कारण नंतर बघायला वेळ नसतो.

मी स्वतः बसमध्ये बसले तरी मऊ जागा बघते. माझा नवरा यावरून मला भरपूर चिडवतो.

सावंत आणि त्यांची मुलगी सायली, दोघेही या क्लासला आले होते. सावंत घाटकोपरला राहतात, आर्किटेक्ट आहेत, माणूस उमदा. पण क्लासमध्ये ते सारखे घड्याळ बघत होते. “मॅडम, तुम्ही गाडी देताय की विमा विकताय?” असं म्हणून हसले. सायली हसली नाही. तिनं मला पुन्हा पुन्हा फेऱ्या मारायला लावल्या. कॉलेज संपवून नुकती नोकरीला लागलेली मुलगी. तिनं हँडब्रेकचा अंदाज हाताला बसेपर्यंत सोडला नाही. निघताना म्हणाली, “तुम्ही रोज एवढ्या घाबरता? दमत नाही का?”

आता त्या दिवसाकडे येते.

गोरेगाव पूर्वेला एका स्टुडिओच्या आवारात गॉगलच्या जाहिरातीचं शूटिंग होतं. त्यांना जुनी उघडी गाडी हवी होती. सावंतांनी हौसेनं दिली. जाहिरातीतली मॉडेल फक्त ऑटोमॅटिक चालवते, म्हणून लांबच्या शॉटमध्ये डोक्याला स्कार्फ बांधून सायली गाडी चालवणार होती. टेकडीवरून उतरणारा आतला रस्ता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली झाडीत जाणारी उतरण. मधे एक वळण. त्या वळणाच्या आतल्या अंगाला कॅमेरा आणि त्याच्याभोवती पंधरावीस माणसं. सायलीनं वरून सुटायचं, वेगात खाली यायचं, वळणाच्या अलीकडे ब्रेक लावून कॅमेऱ्याजवळून हळू निघून जायचं.

जुनी गाडी आहे म्हणून प्रॉडक्शननं मला बोलावून घेतलं होतं. लिंक रोडला मेट्रोच्या कामात अडकल्यामुळे मी उशिरा पोचले. ऊन उतरायला लागलं होतं.

“सकाळी घाटकोपरहून येताना गाडी कशी वाटली?” मी सावंतांना विचारलं.

“मस्त. जरा जड वाटली. जेव्हीएलआरला ट्रॅफिक होतं ना.”

“वास?”

“कसला?”

“जळल्यासारखा.”

“आला होता पवईच्या चढाला. पण पुढे ट्रक होता हो. त्याचा असेल.”

गाडी जड, वास जळका, पेडल कडक. म्हणजे पाय काढला तरी ब्रेक पूर्ण सुटत नव्हते. चाकं दिवसभर अर्धवट आवळलेल्या अवस्थेत फिरत होती आणि तापत होती.

“बॉनेट कुणी उघडलं होतं का? कुठल्या गॅरेजला दाखवलीत?”

“छे. तुमच्याशिवाय कुणाला हात लावू देतो का मी? दसऱ्याला पूजा केली घरी, तेवढीच. हार घातला, हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू.”

मागून आवाज आला, “आणि तेल मियां घातलंय गो.”

शामियान्याच्या सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर सावंतांचे वडील बसले होते. नातीचं शूटिंग बघायला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलेले. त्यांना घरात सगळे दादा म्हणतात. ऐंशीच्या पुढचे. परळच्या एका गिरणीत त्यांची सगळी नोकरी तेलवाला म्हणून झाली. तेलवाला म्हणजे हातात लांब चोचीची तेलाची कुपी घेऊन खात्यातल्या मशीनमशीनला तेल घालत फिरणारा माणूस. मी कुडाळकडची आहे हे कळल्यापासून दादा माझ्याशी मालवणीतच बोलतात. गाळ्यावर यायचे तेव्हा मला सांगायचे, की दसऱ्याच्या पूजेला खात्यातलं एकही मशीन कोरडं राहता कामा नये, असा त्यांच्याकडे दंडक होता. आधी पुसायचं, मग तेल, मग फूल. ज्या मशीनला तेल नाही त्याला फूल नाही.

मी त्यांच्यापुढे जाऊन उकिडवी बसले. “दादा, तेल कुठे कुठे घातलंत?”

“सगळीकडे. बिजागऱ्यांक, हँडब्रेकाच्या तारेक, खालच्या सांध्यांक. आणि पुढे तो डबो असा मा, झाकणाचो? तो जरा रिकामो दिसलो माका. तो भरून ठेवलंय.” ते समाधानानं हसले. “वर्षाचो सण. तिका कोरडी कशी ठेवतलंव?”

“कुठलं तेल, दादा?”

“शिलाई मशीनचा. पातळ, बरा. गिरणीत स्पिंडलाक घालायचंव तसला.”

कानात नुसता सूं आवाज भरला. दादांचं बोलणं चालू होतं आणि मला त्यांचे फक्त ओठ हलताना दिसत होते.

कारण असं. ब्रेकच्या सिलिंडरमध्ये, आणि प्रत्येक चाकाच्या सिलिंडरमध्ये, रबराची वाटीसारखी लहान सील असतात. द्रवाला मागे निसटू न देण्याचं काम त्यांचं. ब्रेक फ्लुइड या रबराला काही करत नाही. पण मशीनचं तेल लागलं की हे रबर पाण्यात घातलेल्या चण्यासारखं फुगतं. फुगलं की द्रव परत यायचं बारीक भोक झाकलं जातं. पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही. पेडल कडक लागतं, आणि मालक खूश होतो. चाकं तापत जातात. ती उष्णता द्रवातून त्या फुगलेल्या, मऊ पडलेल्या रबरापर्यंत येते. पुढे दोनच शक्यता. एक तर चाकं धावता धावता जाम होतील, किंवा कुठल्या तरी जोरात मारलेल्या ब्रेकला ते रबर फाटेल. फाटलं की पेडल थेट तळाला. दाब निघून जातो, इतका वेळ आवळलेली चाकं एकदम मोकळी होतात, आणि गाडी अडवायला काही राहत नाही.

दसरा होऊन आठवडा उलटला होता. रबराला फुगायला भरपूर वेळ मिळाला होता.

मी उठले आणि रोहनकडे धावले. रोहन म्हणजे असिस्टंट डिरेक्टर. दाढी, खाकी जॅकेट, हातात वॉकीटॉकी.

“गाडी थांबवा. शॉट घेऊ नका.”

“मॅडम, लाइट जातोय.”

“तिचे ब्रेक जाणार आहेत.”

“आत्ता तर दोन रिहर्सल झाल्या. एकदम परफेक्ट थांबली ना यार.”

“म्हणूनच सांगतेय. थांबव रे.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग डिरेक्टरकडे पाहिलं. त्याला बिचाऱ्याला दोन्हीकडून भीती होती. मी त्याच्या हातातला वॉकीटॉकी ओढून घेतला आणि बटण दाबून ओरडले, “गाडी सोडू नका. गाडी सोडू नका.”

खरखर झाली. वरून एका मुलाचा आवाज आला. “गाडी निकल गई, सर.”

वरच्या झाडांमागून हिरवा ठिपका बाहेर पडला.

मी कॅमेऱ्याभोवतीच्या लोकांना हटा, हटा म्हणून ओरडले. काही जण हटले. काही जण माझ्याकडेच बघत राहिले, कारण शूटिंगमध्ये ओरडणाऱ्या बाईचं त्यांना नवल नसतं. कॅमेरामन तर कॅमेऱ्यावरून डोळा काढायला तयार नव्हता. सावंत चहाचा ग्लास धरून उभे. अजून त्यांच्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. मी रस्त्यानं वर धावत सुटले. वर जाऊन काय करणार होते, मला माहीत नाही. धावत्या गाडीला बाईमाणूस काय अडवणार?

गाडी सरळ रस्त्याला लागली. सायलीचा लाल स्कार्फ दिसला. वेग ठरल्याप्रमाणे वाढला. वळणाच्या आधी एक बाभळीचं झाड होतं, तिथे ब्रेक लावायचा असं ठरलेलं. ब्रेकचे मागचे दिवे लागलेले मला पुढून दिसणार नव्हते. पण ब्रेक लागला की गाडीचं नाक थोडं खाली जातं. बाभळीपाशी नाक खाली गेलं. मी श्वास सोडणार, तेवढ्यात ते परत वर आलं.

गाडी हलकी झाली. तसं दिसलंच मला. दिवसभर धरून ठेवलेली चाकं सुटली आणि ती उतारावर पुढे झेपावली.

मी आयुष्यात पुष्कळ वेळा घाबरले आहे. पण माझी बहुतेक भीती पुढे घडेल त्याची असते. समोर घडत असलेल्याची भीती वेगळी. मी होते तिथेच रस्त्याच्या कडेला मटकन बसले. सायलीच्या डाव्या हाताला खाली झाडीची उतरण होती. उजवीकडे डोंगराचा कडा. समोर वळणावर माणसं, ट्रॉलीचे रूळ, लाइटचे उंच स्टँड. त्या मुलीला जायला जागा नव्हती.

मग इंजिनचा आवाज चढला. एकदम, किंचाळल्यासारखा. बाकीच्यांना वाटलं तिनं ॲक्सिलरेटर दाबला. कुणीतरी शिवी दिली. मला कळलं की तिनं गिअर खाली ओढलाय. तिसऱ्यातून दुसऱ्यात. इंजिन चाकांना मागे खेचत होतं. आवाज थोडा उतरला, आणि मागच्या चाकांचा घसटत असल्यासारखा आवाज आला, थांबून थांबून. हँडब्रेक. थोडा वर, थोडा खाली, बटण दाबून धरून. चारकोपच्या गल्लीत केला होता तसाच. गाडीचा मागचा भाग एकदा डोलला आणि सावरला.

वेग कमी होत होता, पण पुरेसा नाही. वळण आलं.

वळणाच्या बाहेरच्या अंगाला मोठमोठ्या काळ्या दगडांचा ढीग होता, माणसाच्या छातीएवढे एकेक. सायलीनं स्टिअरिंग कॅमेऱ्याकडे न वळवता त्या दगडांकडे वळवलं. मी डोळे मिटले. हे मी कबूल करते. आवाज ऐकण्यासाठी मी अंग आवळून बसले.

आवाज झाला तो भलताच. कोरडा, पोकळ, पुठ्ठ्याची खोकी कोसळावीत तसा. डोळे उघडले तर हवेत पांढरा चुरा उडत होता आणि एक प्रचंड काळा दगड उतरणीवरून उड्या मारत झाडीत निघाला होता. थर्माकोलचा. आदल्या कुठल्या तरी शूटिंगचा उरलेला सेट. गाडी ढिगाच्या पोटात बॉनेटपर्यंत रुतून उभी होती. सायली दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलेली. स्कार्फवर, भुवयांवर, सगळीकडे पांढरे दाणे.

मी पोचले तेव्हा तिचे दात वाजत होते. मी तिला बाहेर काढलं आणि धरून ठेवलं.

“पेडल खाली गेलं,” ती म्हणाली. “तळाला. काहीच नव्हतं पायाखाली.”

“माहीत आहे.”

“दगड खोटे आहेत ते मी सकाळीच बघितलं होतं. दोन स्पॉटबॉय एकेक दगड डोक्यावर घेऊन चालले होते. मी वर जाऊन बसले आणि म्हटलं, आज मऊ जागा ही.” मग ती रडायला लागली. “तुम्ही शिकवलंत म्हणून बघितलं. नाहीतर कोण बघतं हो?”

सावंत धावत आले. मुलीला चाचपून पाहिलं, तिच्या डोक्यावरचे पांढरे दाणे झटकले, आणि मग माझ्यावर उलटले. सगळ्या युनिटसमोर.

“काय गाडी दिलीत तुम्ही? दोन महिने ठेवून घेतलीत. मुलीचा जीव गेला असता माझ्या. जुन्या गाड्यांची एक्स्पर्ट म्हणे.”

पंधरावीस माणसं ऐकत होती. त्यांतल्या निम्म्यांच्या हातात मोबाइल. अशा धंद्यात नावच असतं, बाकी काही नसतं. ते नाव माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. मला रागही आला. पण त्यांच्या खांद्यावरून मला खुर्ची दिसत होती. दादा उठून उभे राहिले होते, एक हात खुर्चीच्या पाठीवर. त्यांना तिथवर चालत येता येत नव्हतं आणि काय झालंय ते कळतही नव्हतं.

मी थर्माकोल बाजूला सारून बॉनेट उघडलं, डब्याचं झाकण फिरवून काढलं आणि सावंतांना आत बघायला सांगितलं. मशीनचं तेल ब्रेक फ्लुइडपेक्षा हलकं असतं. ते त्यात मिसळत नाही. वर तरंगतं. मी टॉर्च मारला. खाली पिवळसर द्रव, वर पारदर्शक थर. बोट बुडवून त्यांच्या नाकाजवळ धरलं. आईच्या शिलाई मशीनचा वास ज्याला माहीत आहे त्याला सांगावं लागत नाही.

सावंतांचा चेहरा बदलला. त्यांनी हळूच मागे वळून वडिलांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आवाज एकदम खाली.

“दादांना सांगू नका, प्लीज. सहन होणार नाही त्यांना. आपण काहीतरी वेगळं सांगू. नळी फुटली म्हणून सांगा.”

मला मोह झाला. नळी फुटली म्हटलं की विषय संपत होता. दोष माझ्या अंगावर आला असता, तेवढा मी सोसलाही असता. पण मी घाबरट आहे ना. मला लगेच पुढचा दसरा दिसला. तो पांढरा शर्ट, ती लांब चोचीची कुपी, आणि तो डबा. नळी फुटली असं ज्याला सांगितलंय तो माणूस पुढच्या वर्षी दोन थेंब जास्तच घालेल. सायलीच्या स्कूटरलाही घालेल. हे मी सावंतांना सांगितलं. त्यांनी सायलीकडे पाहिलं. सायली म्हणाली, “सांगा. मी बसते त्यांच्याजवळ.”

उतारावरून गाडी येताना मी जेवढी घाबरले तेवढीच त्या खुर्चीकडे जाताना घाबरले. मी सगळं सांगितलं. रबर, फुगणं, फाटणं. त्यांना लागेल म्हणून एकही वाक्य गाळलं नाही. सायली त्यांचा हात धरून बसली होती.

दादांनी नातीच्या केसांतला एक पांढरा दाणा चिमटीत धरला आणि बोटांत कुस्करत राहिले.

“म्हणजे मियां…” एवढंच म्हणाले आणि थांबले.

मग त्यांनी खूप खालच्या आवाजात विचारलं, “गिरणीत येक मशीन बंद नाय पाडलंय मी. येक नाय. आणि घरात हा केलंय?”

मी काही समजूत घालणारी बाई नाही. मला गाड्याच कळतात. म्हणून गाडीचंच बोलले.

“दादा, हँडब्रेकच्या तारेलाही तुम्ही तेल घातलंत ना?”

“घातलंय.”

“खाली वाकून? त्या मागच्या पिनेला?”

“वाकतलंय कसो? मिलिंदाक म्हटलंय सतरंजी घाल, आणि आडवो पडलंय.”

“ही गाडी त्या तारेनं थांबली. पायाच्या ब्रेकनं नाही. तार जरा अडकली असती, तरी पोरीचा हात पुरला नसता.”

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोलतेय की काय, हे ते तपासत होते. मी नजर हलवली नाही, कारण ते खरं होतं. तार तशी मीही गाळ्यात ग्रीस लावून दिली होती. नंतर गाडी उचलून पाहिली तर पिनेवर माझं ग्रीस होतं आणि त्यावर त्यांचं तेल. कुणाचं उपयोगी पडलं ते मी शोधत बसले नाही.

गाडी टो करून चारकोपला आणली. सिलिंडर उघडलं. मुख्य सील फुगून दीडपट झालेलं, बोटानं दाबलं तर साबणासारखं मऊ, आणि कडेला फाटलेलं. अशा वेळी नुसतं द्रव बदलून भागत नाही, हे जुन्या गाडीवाल्यांनी लक्षात ठेवावं. तेल जिथे जिथे पोचलं तिथलं सगळं रबर टाकून द्यावं लागतं. सील, नळ्या, सगळं. आम्ही सगळं टाकलं. सावंतांनी गाळ्यावर येऊन माफी मागितली आणि ज्यांच्यासमोर बोलले होते त्या प्रॉडक्शनवाल्यांनाही फोन करून खरं काय ते सांगितलं. रोहन आता शूटिंगला जुनी गाडी असली की मला आदल्या दिवशीच बोलावतो.

माझ्या अटीत एक भर पडली आहे. पूर्वी मी फक्त चालवणाऱ्याला बोलवायची. आता घरातली सगळी माणसं येतात. आजी, सासू, ज्यांना गाडीचं प्रेम आहे आणि लायसन्स नाही, ती आधी. बॉनेट उघडून त्यांना दाखवते, की हात इथे लावायचा आणि इथे अजिबात नाही. गिऱ्हाइकं कुरकुरतात. कुरकुरू देत.

दादा या वर्षी दसऱ्याला घाटकोपरहून रिक्षा करून माझ्या गाळ्यावर आले. सोबत सायली. शर्ट तोच, कुपीही तीच. म्हणाले, “माका काम दी.” मी त्यांना शटरचे रूळ दाखवले, इंजिन उचलायच्या चेनपुलीची कडी दाखवली, सगळ्या गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या दाखवल्या. त्यांनी एकेक पुसली, थेंब सोडला, हलवून पाहिली, आणि मग फूल ठेवलं. इतकी नीट तेल घातलेली बिजागरी मी बघितली नव्हती.

मी त्यांच्या मागे मागे फिरत होते. पुढे एक गाडी बॉनेट उघडून उभी होती. दादा तिच्याजवळ थांबले. त्या डब्याकडे त्यांनी पाहिलं, मग माझ्याकडे. मी तोवर झाकणावर तळहात ठेवून उभी होते. कधी ठेवला, मलाही कळलं नव्हतं.

“ठेव गो,” ते म्हणाले. “ठेव तसोच.” आणि कुपी सायलीच्या हातात देऊन त्यांनी मुठीत उरलेलं फूल माझ्या हातावर ठेवलं.